हजार एकरात चालण्यासारखं उपनगर: आधी रस्ते, मग क्रम, घरं सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराच्या कडेला सलग हजार एकर जमीन आहे, वीस वर्षांत फेजमध्ये डेव्हलप करायचीय, आणि मालकाला नेहमीचं स्प्रॉल नकोय, म्हणजे हायवेवरून आत जाणारा एकच रस्ता, त्याला फुटलेल्या बंद गल्ल्या आणि पेन्सिल आणायलासुद्धा गाडी काढावी लागते अशी घरं. लोक चालतील अशी वस्ती करायची तर सुरुवात कुठून करायची, आणि हे खरंच जमतं का फक्त ब्रोशरमध्ये छान दिसतं?

जमतं. पण ब्रोशरमध्ये जे दाखवतात ना, व्हरांडे, जुन्या धाटणीचे दिवे, फरसबंदी, त्यानं जमत नाही. इतकी वर्षं हेच काम करतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय, चालण्याचं भवितव्य रस्त्यांच्या जाळ्यावर आणि कुठली गोष्ट कधी बांधली या क्रमावर ठरतं, घरांचं डिझाइन त्याच्या बरंच नंतर येतं. जाळं बिघडलं तर पुढे कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही, कारण इमारत पन्नास-साठ वर्षांनी पाडता येते पण रस्त्याची हद्द शतकानुशतकं तशीच राहते.

आधी अपेक्षा जमिनीवर आणूया. उपनगरातली माणसं गाड्या सोडणार नाहीत, बहुतेकांच्या नोकऱ्या बाहेरच असतील. पण अमेरिकेतल्या घरगुती प्रवासाच्या सर्वेक्षणांत कामाच्या ट्रिपा एकूण ट्रिपांच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी निघतात, बाकी सगळं शाळा, दुकान, दवाखाना, क्लास, मित्राकडे जाणं. हे सगळं वस्तीच्या आत उरकता आलं तर घरातली दुसरी गाडी जाते, आणि मुलं नि म्हातारी माणसं कुणी सोडायला येण्याची वाट बघत बसत नाहीत. माझ्या मते उपनगरासाठी टार्गेट हेच ठेवावं, 'दुसरी गाडी नको'. 'गाडीमुक्त' असं लिहून मोकळं होणारे प्लॅन मी बघितलेत, दोन वर्षांत पार्किंगवरून भांडणं सुरू होतात.

आता हिशेब. आरामात चालणारा माणूस ५ मिनिटांत ४०० मीटर जातो, आणि ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ५० हेक्टर, सुमारे १२५ एकर. हजार एकरात अशी आठ वर्तुळं बसतात (कागदावर वर्तुळं एकमेकांना चिकटत नाहीत, पण हिशेबापुरतं आठ धरा). हे पक्ष्याच्या उडण्याचं अंतर झालं. काटकोनातल्या चांगल्या ग्रिडवरसुद्धा ४०० मीटर चालून पोचता येणारा भाग ३२ हेक्टरच असतो, आणि बंद गल्ल्यांच्या ले-आउटमध्ये त्याच्याही निम्म्यावर सहज येतो. तिथे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांमध्ये कुंपण एक असतं आणि रस्त्यानं जायचं तर किलोमीटरभर! म्हणून कुठलाही प्लॅन समोर आला की मी आधी शाळा नि दुकान धरून खऱ्या रस्त्यानं ४०० मीटर मोजायला लावतो, कंपासनं काढलेली गोल गोल वर्तुळं बघतच नाही.

ही बंद गल्ली आली कुठून हे एकदा बघण्यासारखं आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वस्ती सुरू झाली, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांचं डिझाइन. घराच्या एका बाजूला गाडीची बंद गल्ली, दुसऱ्या बाजूला पायवाट, पायवाटा मधल्या बागेत जाणाऱ्या आणि मोठ्या रस्त्याखालून बोगद्यातून शाळेकडे नेणाऱ्या. म्हणजे मूल एकही रस्ता न ओलांडता शाळेत जाईल अशी कल्पना. पुढच्या बिल्डरांनी त्यातली बंद गल्ली उचलली, बाग आणि पायवाटा खर्चिक म्हणून टाकून दिल्या, वर अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज विमा खात्यानं १९३० च्या दशकात असल्या ले-आउटची शिफारसही केली. अर्धीच कॉपी सगळीकडे पसरली.

त्यामुळे जाळ्याबद्दल दोन गोष्टींवर अजिबात तडजोड करू नका. पहिली, ब्लॉक छोटे. ८० बाय १२० मीटर म्हणजे ४०० मीटर परिघ, हे माझं आवडतं माप आहे, पाचशेच्या वर गेलं की माणूस वळसा टाळायला गाडीच काढतो. दुसरी, आणि याकडे हटकून दुर्लक्ष होतं, बाहेरची जोडणी. शेजारी आज रिकामं माळरान असलं तरी दर दोन-अडीचशे मीटरला एक रस्ता हद्दीपर्यंत आणून सोडायचा, आणि त्याच्या टोकाला ठळक बोर्ड लावायचा की हा रस्ता पुढे जोडला जाणार आहे. बोर्ड पहिल्या दिवसापासून हवा. नाहीतर काय होतं, टोकाची घरं घेतलेले लोक पाच-सात वर्षं तिथे मुलं खेळवतात, त्यांना तो रस्ता स्वतःच्या अंगणासारखा वाटायला लागतो, मग शेजारची जमीन डेव्हलप होते आणि हेच लोक जोडणीविरुद्ध सह्या गोळा करतात. त्यांचंही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बोर्ड असला, खरेदीखतात ओळ असली की वाद फार लांबत नाही.

नेदरलँड्समधलं हाउटेन बघा, जाळं नीट विचार करून आखलं की काय होतं ते कळतं. युट्रेख्तजवळ, १९७० च्या दशकापासून वाढवलेलं. गाडीला एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रिंग रोडवर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं, सायकल नि पायी मात्र मधून सरळ वाट, आणि त्या वाटा गावाच्या मध्यावरच्या रेल्वे स्टेशनला मिळतात. गाडीवर बंदी नाहीये, फक्त गाडीला वळसा आहे आणि पायाला शॉर्टकट. नेहमीच्या उपनगरात हे नेमकं उलटं असतं.

आता रस्त्याचा कोपरा. याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जास्त बोलतो. समजा रस्ता ७ मीटर रुंद आहे. कोपऱ्याची वळणाची त्रिज्या ३ मीटर ठेवली तर कोपऱ्यापासून २ मीटर आत ओलांडणाऱ्या माणसाला साधारण सव्वासात मीटर चालावं लागतं. तीच त्रिज्या १० मीटर केली, जी कचऱ्याची मोठी गाडी न थांबता वळावी म्हणून इंजिनिअर मागतात, तर दोन्ही बाजूंना ४-४ मीटर वाढून तेच अंतर १५ मीटर होतं. रस्ता तोच, ओलांडायचं अंतर दुप्पट, वर गाडी वेग कमी न करता वळते ते वेगळंच. आजीला सहा सेकंदांऐवजी बारा-तेरा सेकंद रस्त्यात राहावं लागतं, आणि एका वस्तीत असे शेकडो कोपरे असतात. ड्रॉइंगमध्ये ही फक्त एक बारीक कमान असते, म्हणून ती कोण ठरवतंय याच्यावर डोळा ठेवा.

इथे अग्निशमन दल मध्ये येणारच. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय फायर कोडमध्ये बंबासाठी २० फूट, म्हणजे ६.१ मीटर, मोकळी रुंदी मागितलीय, आणि इतर ठिकाणीही असले नियम असतातच. त्यांच्याशी भांडू नका, लवकर बोलवा. रिकाम्या पार्किंगमध्ये खडूनं कोपरा आखायचा, शंकू ठेवायचे आणि त्यांचाच सगळ्यात मोठा बंब त्यांच्याच ड्रायव्हरला वळवायला सांगायचा. समोरची लेन वापरून बंब वळतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निम्मे आक्षेप तिथेच गळतात. शिवाय जोडलेल्या जाळ्यात घरापर्यंत जायला दोन-तीन वाटा असतात, बंद गल्लीत एकच, हा मुद्दा त्यांना पटतो कारण तो त्यांच्याच कामाचा आहे.

घनतेबद्दल फार ताणत नाही. रिटेलवाल्यांचा ढोबळ ठोकताळा आहे की कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला चालत येण्याजोगी हजारेक घरं लागतात. ५० हेक्टरात हजार घरं म्हणजे रस्ते, बागा, शाळा सगळं धरून हेक्टरी २०, एकरी ८. पुश्करेव्ह आणि झुपान या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ मध्ये बससाठी जो हिशेब मांडला त्यात दर अर्ध्या तासाला बस परवडायला एकरी ७ घरं अशी रेघ आहे, म्हणजे आपण तिच्या जरा वरच आहोत. एकरी ८ ला टॉवर लागत नाहीत. अरुंद प्लॉटची सुटी घरं, रो हाउस, मध्यावर तीन मजली अपार्टमेंट, आणि काही घरांमागे गॅरेजवर एक छोटं बिऱ्हाड, एवढ्यात भागतं. फक्त सगळीकडे सारखं पसरू नका, दाट भाग मध्यापासून दोनशे मीटरच्या आत घ्या. आणि गॅरेजची दारं मागच्या गल्लीत न्या, नाहीतर अरुंद प्लॉटवर पुढून घर दिसतच नाही, नुसती शटरं दिसतात आणि फुटपाथ दर पाच मीटरला तुटतो.

आता दुकानं, इथे सगळ्यात जास्त प्रोजेक्ट आपटतात. प्लॅनरला वाटतं बाजार बरोबर मध्यात हवा, सगळ्यांना सारखं अंतर. दुकानदाराला नुसतं आतलं गिऱ्हाईक पुरत नाही, त्याला बाहेरून येणारा-जाणाराही लागतो. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन प्लॅनरनं १९२९ च्या त्याच्या 'नेबरहुड युनिट'मध्ये, म्हणजे सुमारे १६० एकराच्या आदर्श वस्तीच्या आराखड्यात, शाळा मध्यात ठेवली होती आणि दुकानं कडेला, मोठे रस्ते मिळतात तिथे. तो बरोबर होता. ऑरेगनमधल्या ऑरेन्को स्टेशन या वस्तीचं उदाहरण घ्या, १९९८ मध्ये तिथे लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी रेल्वे, आली, पण टाऊन सेंटर स्टेशनला चिकटून नाही, थोडं लांब कॉर्नेल रोडवर आहे, कारण गाड्यांची वर्दळ तिकडे होती. स्टेशन ते दुकानं चालत जाता येतं आणि दुकानं जगली. याउलट सॅक्रामेंटोजवळचं लगुना वेस्ट, पीटर कॅल्थॉर्पचं डिझाइन, १९९० च्या सुमाराचं, बरंच गाजलेलं. मधोमध तळं, तिथून फुटणारे सुंदर झाडांचे रस्ते, आणि ज्याच्या जोरावर सगळं मांडलं होतं ती रेल्वे आलीच नाही, टाऊन सेंटर वर्षानुवर्षं रेंगाळलं, घरं मात्र बांधून झाली. मेरीलँडच्या केंटलँड्सला, १९८८ चा प्लॅन, साडेतीनशे एकर, मोठा मॉल येणार होता, तो बारगळला आणि त्या जागी पुढ्यात मोठं पार्किंग असलेलं साधं शॉपिंग सेंटर आलं. वस्ती तरीही चांगली झाली, कारण जाळं चांगलं होतं, नंतर बाजार भरायला जागा राहिली.

डिस्नेनं फ्लोरिडात सेलिब्रेशन नावाचं गाव बांधलं तेव्हा घरं भरायच्या आधीच डाउनटाऊन उभं केलं, १९९६ मध्ये लोक राहायला यायला लागले त्याच वर्षी ते सुरूही झालं. ते छान आहे, पण तेवढा पैसा अडकवून बसायची ऐपत डिस्नेची होती. तुमची नसेल तर दुसरा रस्ता असा: मुख्य रस्त्यावर एक-दोन ब्लॉकच बाजारासाठी धरा, तळमजल्याची उंची सव्वाचार-साडेचार मीटर ठेवा, आणि तिथे सुरुवातीला ऑफिस, क्लास, दवाखाना, राहणारं बिऱ्हाड, जे येईल ते येऊ द्या. उंची आणि रस्त्याकडे दार एवढं असलं की दहा वर्षांनी तिथे दुकान होतं. पहिलं किराणा दुकान आणि एक बसायची जागा यांना भाड्यात भरपूर सूट द्या, तो मार्केटिंगचा खर्च समजा, जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतो. आणि हे तळमजले सुटे सुटे विकू नका, एका हातात ठेवा. विकले की दहा मालक, प्रत्येकाला जास्तीत जास्त भाडं हवं, आणि रस्त्यावर एकाच धंद्याची चार दुकानं उघडतात.

आता क्रम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. हजार एकरात एकरी ८ म्हणजे ८००० घरं, वीस वर्षांत म्हणजे वर्षाला ४००. सेल्सवाले सांगतील की सगळीकडे थोडं थोडं उघडा, गिऱ्हाइकाला चॉइस मिळतो. आठ वर्तुळांत ४०० घरं वाटली तर एकेकाला वर्षाला ५०, आणि दुकानाला लागणारी हजार घरं व्हायला विसावं वर्ष उजाडतं! तोपर्यंत सगळ्यांच्या सवयी गाडीच्या झालेल्या असतात. तीच ४०० घरं एकाच वर्तुळात घातली तर अडीच वर्षांत ते भरतं, दुकान चालतं, शाळेचे वर्ग भरतात, बसवाल्यांना दाखवायला आकडा मिळतो. म्हणून पहिलं वर्तुळ मुख्य रस्त्याला लागून घ्या आणि ते पूर्ण करा, सगळ्या प्रकारच्या घरांसकट. 'आधी महागडी सुटी घरं, अपार्टमेंट नंतर' हे कधीच मान्य करू नका, नंतर आलेल्या अपार्टमेंटला आधी आलेली घरं विरोध करतात, हे ठरलेलं आहे. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरला लागून असलेल्या पाउंडबरीत, १९९३ पासून बांधतायत, लिओन क्रिएरचा प्लॅन, परवडणारी घरं इतर घरांमध्येच मिसळलीयत, बाहेरून बघून कुठलं कुठलं ते कळत नाही, आणि वस्तीच्या आत चक्क कारखाने आहेत. त्या वास्तुशैलीवर लोक टीका करतात, मलाही ती फार आवडत नाही, पण नोकऱ्या आत आणायची जी चिकाटी दाखवली तिला तोड नाही.

शाळेसाठी एकच सांगतो, जागेचं माप तपासा. अमेरिकेत शाळा-नियोजकांच्या संस्थेचा वर्षानुवर्षं सल्ला असा होता की प्राथमिक शाळेला १० एकर, वर दर १०० मुलांमागे आणखी १ एकर. ५०० मुलांची शाळा म्हणजे १५ एकर, आपल्या १२५ एकराच्या वर्तुळाचा आठवा हिस्सा, एवढी शाळा गावाबाहेरच जाते. २००४ मध्ये त्यांनी तो आकडा काढून टाकला पण सवय गेली नाही. मैदान सार्वजनिक बागेशी शेअर करा, शाळा दोन मजली करा, पाच-सहा एकरात बसते.

पार्किंगचंही तसंच. मधल्या वाटेसकट एका गाडीला साधारण ३० चौरस मीटर लागतात. दुकानांना दर १००० चौरस फुटांमागे ४ गाड्या असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणजे ९३ चौरस मीटर दुकानाला १२० चौरस मीटर पार्किंग. ही किमान सक्ती काढून घ्या, पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप आयुष्यभर हेच सांगत होते. रस्त्याच्या कडेचं पार्किंग मोजणीत धरा, ते फुटपाथवरच्या माणसाला आडोसाही देतं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या वोबां वस्तीत तर पार्किंग घरापासून वेगळं करून कडेच्या बहुमजली गॅरेजमध्ये विकलं, गाडी नसेल त्याला तो खर्च पडत नाही. त्यांच्याकडे २००६ मध्ये ट्राम दारात आली हे विसरू नका, ट्राम नसताना एवढं कडक करू नका.

ट्रान्झिटबद्दल, म्हणजे बस-रेल्वेबद्दल, माझं मत थोडं कोरडं आहे. दुसऱ्या खात्याच्या आश्वासनावर प्लॅन उभा करायचा नाही, पण मार्गाची पट्टी पहिल्या दिवसापासून राखून ठेवायची. स्टॉकहोमच्या वेलिंगबी या उपनगरात सगळं एका हातात होतं, मेट्रो १९५२ ला पोचली आणि सेंटरचं उद्घाटन १९५४ ला झालं, असं नशीब क्वचित. युटातलं डेब्रेक, चार हजार एकरांवर, २००४ मध्ये लोक राहायला आले, लाइट रेल २०११ मध्ये आली. पट्टी आधीच मोकळी ठेवली होती म्हणून आली, घरं पाडावी लागली नाहीत. तोवर बस चालवा, आणि ती बाजाराच्या रस्त्यावरूनच न्या, बाहेरच्या हायवेवर थांबा देऊन बोळवण करू देऊ नका.

नियमांचं काम वकिलाकडे द्याल तेव्हा एवढं सांगा की 'कुठे काय वापर' याच्यापेक्षा 'इमारत रस्त्याला कशी भिडते' हे आधी लिहा. पुढची रेषा, उंची, दार कुठे, पार्किंग कुठे. फ्लोरिडातल्या सीसाइडचा, ८० एकरांच्या गावाचा, असा कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, एका मोठ्या कागदावर मावला होता. तुमचा दहा पानी झाला तरी चालेल, दोनशे पानी झाला तर बिल्डर वाचणार नाही आणि तपासणारा अधिकारीही नाही.

शेवटची एक गोष्ट, जी मालकाला पटवायला सगळ्यात अवघड जाते. सुरुवातीच्या बाजाराचे एक-दोन ब्लॉक सोडून टाऊन सेंटरच्या मधले चार-पाच ब्लॉक पहिली दहा वर्षं विकू नका आणि बांधूही नका. सुरुवातीला तिथे जे बांधणं परवडतं ते एक मजली असतं, आणि एकदा ते उभं राहिलं की पुढची तीसेक वर्षं हलत नाही, मग सगळ्यात मोक्याच्या जागेवर सगळ्यात विरळ बांधकाम राहतं. तिथे फक्त रस्ते, झाडं आणि ड्रेनेज घालून ठेवा, मधे आठवड्याचा बाजार, खेळाचं मैदान, तात्पुरतं पार्किंग चालू द्या. चार-पाच हजार घरं झाली की त्याच जमिनीवर चार मजले, खाली दुकानं आणि वर ऑफिसं असं परवडायला लागतं. बँकेच्या कॅश-फ्लोमध्ये ही जमीन पहिल्या पाच वर्षांत विकलेली दाखवलेली असते, तेवढी ओळ आजच बदलून घ्या.